शाळेतली सुई आणि आश्रमातले आजोबा

आजचा भाग जपानचा आहे. पण समुराई नाहीत, बुलेट ट्रेन नाही, अ‍ॅनिमे तर नाहीच नाही. आज आपण जाणार आहोत जपानमधल्या वृद्धाश्रमात, आणि तेही शरद ऋतूत. कंटाळवाणं वाटतंय? थोडं थांबा. या गोष्टीत एक मोठा सरकारी प्रयोग आहे, एका शहरातल्या डॉक्टरांनी केलेलं बंड आहे, कोर्टकचेऱ्या आहेत. आणि म्हाताऱ्या माणसांचे असे मृत्यू आहेत, ज्यांचा धागा शाळेतल्या मुलांपर्यंत जातो हे कितीतरी वर्षं फारसं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

आधी ऋतू समजून घेऊ. आपल्याकडे ऑक्टोबर म्हटलं की घामाच्या धारा. शरद ऋतू म्हणजे वैद्यांची आई, असं आपले जुने लोक म्हणायचे, कारण या दिवसांत आजारपणं वाढतात आणि वैद्यबुवांचं बरं चालतं. जपानमध्ये मात्र शरदाचं भारी कौतुक. उन्हाळ्याचा उकाडा आणि वादळं सरली की हवा कोरडी, स्वच्छ होते. मग लोक म्हणतात हा खाण्याचा शरद, हा खेळाचा शरद, हा वाचनाचा शरद. खरंच अशी नावं आहेत त्याला.

वृद्धाश्रमातही हे सगळं पोचतं, फक्त थोडा आकार बदलून. चेस्टनट घालून केलेला भात असतो, पण ज्यांना चावता येत नाही त्यांच्यासाठी तो पेजेसारखा मऊ करतात. माशाचे काटे आधीच काढलेले असतात. रताळी भाजतात. मेपलची पानं लाल झाली की व्हीलचेअर चढवता येईल अशी गाडी काढून सहल नेतात. आणि स्पोर्ट्स डे! जपानी शाळांमध्ये असतो तसाच, लाल टीम आणि पांढरी टीम, पण खुर्चीत बसून. टोपलीत चेंडू टाकायचे आणि शेवटी सगळ्यांनी मिळून मोठ्यानं मोजायचे. नव्वदीतल्या आज्या यात भलत्याच सीरियस होतात म्हणे.

आता बघा, याच महिन्यांत आश्रमात दुसरंही एक वेळापत्रक चालू असतं. ते भिंतीवरच्या रंगीत कागदावर नसतं, नर्सच्या फाइलमध्ये असतं. लसीच्या तारखा, दातांची तपासणी, खोलीतली हवा कोरडी पडू नये म्हणून काढून ठेवलेली वाफेची यंत्रं. कारण शरद संपला की हिवाळा, आणि हिवाळा म्हणजे फ्लू. ऐंशी-नव्वदीतल्या माणसाला फ्लू झाला की प्रकरण तापावर थांबत नाही. पाठोपाठ न्यूमोनिया येतो. हे दुसरं वेळापत्रक कसं तयार झालं, तीच आजची गोष्ट.

जपानमध्ये वृद्धाश्रम तसा जुना नाही. 'योरोइन' हे नाव लावलेलं पहिलं घर १८९५ मध्ये टोकियोत निघालं, सेंट हिल्डा नावाचं, आणि ते काढलं एका इंग्रज बाईनं. १९२३ मध्ये टोकियोच्या परिसरात प्रचंड भूकंप झाला. त्यात ज्यांचं कुणीच उरलं नाही अशा म्हाताऱ्यांसाठी १९२५ मध्ये योकुफुकाई नावाची संस्था उभी राहिली. ती आजही आहे. म्हणजे सुरुवातीला हे घर होतं निराधारांचं. 'मुलं-सुना असताना आश्रमात कशाला?' हा आपल्याकडचा प्रश्न तिकडेही होताच. १९६३ मध्ये वृद्ध कल्याण कायदा आला आणि चित्र बदललं. पैसा नाही म्हणून नव्हे, तर अंथरुणाला खिळलाय, सतत कुणीतरी लागतं, म्हणून राहण्याची जागा सरकारी खर्चातून तयार झाली. तिला थोडक्यात 'तोकुयो' म्हणतात. मी या भागात वृद्धाश्रम म्हणतोय ते मुख्यतः या तोकुयोला.

त्याच १९६३ पासून सरकारनं आणखी एक गोष्ट सुरू केली. वर्षभरात शंभरी गाठणाऱ्या प्रत्येकाला पंतप्रधानांकडून साकेचा चांदीचा पेला. तेव्हा शंभरी पार केलेली माणसं अख्ख्या देशात किती होती? १५३. बस्स. आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये? ९९,७६३. पेल्यांचा खर्च इतका वाढला की २०१६ पासून चांदीचा पेला जाऊन चांदीचा मुलामा दिलेला पेला आला. सरकारी बजेट शेवटी बजेटच असतं.

हे पेले द्यायचा मुहूर्तही शरदातलाच. १९४७ मध्ये ह्योगो प्रांतातल्या नोमादानी नावाच्या खेड्यात गावप्रमुखांनी १५ सप्टेंबरला गावातल्या वडीलधाऱ्यांचा सत्कार केला. तारीख का ती? भात कापणीच्या आधीचे थोडे निवांत दिवस आणि हवाही चांगली, म्हणून. बोलावलं कुणाला? ५५ वर्षांच्या वरच्यांना! हसू नका. त्या वर्षी जपानी पुरुषाचं सरासरी आयुर्मान ५० होतं आणि बाईचं ५४. ५५ म्हणजे खरोखरच म्हातारा. १९६६ मध्ये हा दिवस राष्ट्रीय सुट्टी झाला. आता तो सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारी असतो.

या दिवशी वृद्धाश्रमांत कोण येतं, तर मुलं. बालवाडीची, शाळेची. गाणी म्हणतात, आजोबांचे खांदे चेपून देतात, कागदाची फुलं देतात. फोटो फार गोड असतात. आणि ही मुलं सर्दी-खोकलाही घेऊन येऊ शकतात, हे सांगायला डॉक्टर व्हायची गरज नाही. ज्यांच्या घरी बालवाडीतलं पोर आहे त्यांना विचारा.

इथून आपल्या मुख्य गोष्टीला सुरुवात होते.

१९५७ मध्ये आशियाई फ्लूची जागतिक साथ आली. जपानमध्ये शाळांमधून ती कशी पसरली ते अधिकाऱ्यांनी पाहिलं. एका वर्गात चाळीस-पन्नास मुलं. एक शिंकलं की आठवड्याभरात अर्धा वर्ग गैरहजर, आणि प्रत्येक मूल संध्याकाळी घरी जाणार. घरी आजी-आजोबा. त्या काळी तीन पिढ्या एकाच छपराखाली राहायच्या, त्यामुळे विषाणूला वेगळं तिकीट काढायची गरजच नव्हती. माझ्या वयाच्या पुणेकरांना हे पटायला वेळ लागणार नाही. ऑगस्ट २००९ आठवतोय का? स्वाइन फ्लू, तोंडाला रुमाल, आणि सगळ्यात आधी बंद झाल्या त्या शाळा.

तर जपान सरकारनं वेगळा हिशोब मांडला. फ्लूनं मरतात म्हातारे, पण पसरवतात मुलं. मग लस मुलांनाच देऊ! १९६२ पासून शाळांमध्ये मोहीम सुरू झाली. पुढे याला जपानीत जे नाव पडलं त्याचा अर्थ होतो 'शाळकरी मुलांचा बांध'. बांध म्हणजे शेताचा नव्हे. बंदरात बोटींना लाटांचा मार बसू नये म्हणून समुद्रात दगडांची भिंत घालतात ना, ती. मुलं म्हणजे ती भिंत, आणि आत सुरक्षित उभ्या असलेल्या होड्या म्हणजे म्हातारी माणसं.

१९७७ पासून तर ही लस शाळकरी मुलांना कायद्यानंच बंधनकारक झाली. दर शरदात शाळेच्या हॉलमध्ये रांग. बाह्या वर. ज्या जपान्यांचं बालपण सत्तरच्या दशकात गेलं त्यांना ही रांग पक्की ठाऊक असते. बऱ्याच वर्षांत निम्म्याहून जास्त मुलांना लस मिळत होती, काही वर्षांत तर ८५ टक्क्यांच्या आसपास. जगात दुसऱ्या कुठल्या देशानं इतक्या मोठ्या प्रमाणावर असं काही केलेलं नव्हतं.

मग बिनसलं कुठे?

गुन्मा प्रांतात मायेबाशी नावाचं शहर आहे. १९७९ च्या शरदात तिथं एका मुलाला लसीनंतर झटके आले. लसीमुळेच आले का, यावर वाद झाला. पण शहरातल्या डॉक्टरांच्या संघटनेनं ठरवलं की आता आम्ही ही सामूहिक लस देणार नाही. सरकारी बंधन असताना! जपानसारख्या देशात हे किती मोठं धाडस होतं याची कल्पना करा. आणि ते नुसतं नाही म्हणून थांबले नाहीत. आपलं म्हणणं सिद्ध करायला त्यांनी आकडे गोळा करायला घेतले. मायेबाशी आणि शेजारचं आन्नाका, इथं लस बंद. ताकासाकी, किर्यू, इसेसाकी, इथं लस चालू. पाच-सहा वर्षं ते शाळेतली गैरहजेरी, ताप, रजा मोजत राहिले. १९८७ मध्ये अहवाल आला: लस घेणाऱ्या शहरांत आणि न घेणाऱ्या शहरांत साथीच्या प्रमाणात म्हणावा असा फरक नाही.

मला हा अहवाल फार भारी वाटतो. एका गावच्या डॉक्टरांनी सरकारी धोरणाला प्रश्न विचारला आणि उत्तर स्वतः शोधलं. पण माझा रोजचा धंदा सॉफ्टवेअरचा. तिथे डॅशबोर्डवर हिरवा दिवा दिसला की आमचे सीनियर आधी विचारतात, 'मोजतोय काय आपण?' इथेही तेच विचारायला हवं. मायेबाशीच्या डॉक्टरांनी मोजला शाळेचा हजेरीपट. तापानं गैरहजर असलेल्या प्रत्येक मुलाच्या घशाची तपासणी नव्हती, त्यामुळे साधी सर्दीही फ्लूमध्ये मिसळली. हा झाला एक दोष. दुसरा त्याहून मोठा. मूळ मोहीम ज्यांच्यासाठी होती ती माणसं हजेरीपटावर नव्हतीच. भिंत नीट आहे का ते तपासलं, पण बंदरातल्या होड्यांकडे कुणी पाहिलंच नाही.

अर्थात, सरकारनंही पाहिलं नव्हतं, हेही सांगायला हवं. पंचवीस वर्षं मोहीम चालवली, पण म्हाताऱ्यांचे मृत्यू त्यामुळे कमी झाले का याचा धड हिशोब लोकांसमोर ठेवला नाही. मग लोकांनी विश्वास का ठेवायचा?

आणि अविश्वासाला कारणं होती. देवी आणि इतर लसींमुळे मुलांना इजा झाली म्हणून पालकांनी सरकारवर खटले भरले होते. १९९२ च्या डिसेंबरमध्ये टोकियो हायकोर्टानं त्या इजांसाठी सरकारला जबाबदार धरलं. आणखी एक भयंकर गोष्ट होती, ती तर नंतर पूर्ण उघड झाली. शाळांमधल्या सामूहिक लसीकरणात एकच सिरिंज अनेक मुलांना वापरली जायची. १९८८ पर्यंत हे अधूनमधून चालू होतं. त्यातून हेपॅटायटिस बी पसरला. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याबद्दल सरकारला दोषी ठरवलं, आणि बाधितांचा अंदाज चार लाखांच्या वर गेला. तेव्हा त्या काळच्या आईबापांना आज 'अडाणी' म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. माझ्या मुलाला सुई टोचता ती त्याच्या भल्यासाठी की समाजाची भिंत बांधायला, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. वेगळ्या पद्धतीनं बनवलेली, कमी त्रासाची लस १९७० च्या दशकातच आली होती, पण प्रश्न आता औषधाचा उरलाच नव्हता.

१९८७ मध्ये पालकांना नकार द्यायची मुभा मिळाली. लस घेणारी मुलं भराभर कमी झाली. १९९४ मध्ये कायद्यानं फ्लूची लस यादीतून काढूनच टाकली. लसीचं उत्पादन कोट्यवधी डोसांवरून काही लाखांवर आलं. भिंत पाडून झाली. आणि योगायोग बघा, त्याच १९९४ मध्ये जपानमध्ये ६५ च्या वरच्या लोकांचं प्रमाण १४ टक्क्यांवर गेलं होतं. १९७० मध्ये ते ७ होतं. म्हणजे बंदरातल्या होड्या दुप्पट झाल्या होत्या.

पुढचे काही हिवाळे कसे गेले? वृद्धाश्रमांत फ्लू शिरला की एकाच इमारतीत कितीतरी माणसं आजारी पडायची. जेवणाची खोली एक, सांभाळणारे हात तेच, आणि ते हात एका पलंगावरून दुसऱ्या पलंगाकडे जाणारे. १९९८-९९ च्या हिवाळ्यात आश्रमांतल्या मृत्यूंच्या बातम्या देशभर गाजल्या. तेव्हा कुठे सरकार हललं. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये कायदा बदलला. आता थेट ६५ च्या वरच्यांना लस, सरकारी मदतीनं, पण सक्ती नाही. हृदय, मूत्रपिंड किंवा फुप्फुसाचा गंभीर आजार असेल तर ६० पासूनच. म्हणजे भिंतीचा नाद सोडला आणि प्रत्येक होडीला स्वतंत्र दोर बांधला.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात टॉमस रायकर्ट आणि सहकाऱ्यांचा लेख आला आणि खळबळ उडाली. त्यांनी १९४९ ते १९९८ पर्यंतचे जपान आणि अमेरिका दोन्हीकडचे मृत्यूंचे आकडे घेतले. पद्धत साधी आहे. दर हिवाळ्यात साधारण किती माणसं मरतात याची एक रेघ काढायची, आणि त्या रेघेच्या वर जे उरेल ते 'जादा मृत्यू' धरायचे. जपानचे जादा मृत्यू आधी अमेरिकेच्या तिप्पट-चौपट होते. मुलांची लस सुरू झाल्यावर ते अमेरिकेइतके खाली आले. लस थांबली आणि ते पुन्हा चढले. त्यांचा हिशोब असा की या मोहिमेनं वर्षाला ३७,००० ते ४९,००० मृत्यू टाळले. म्हणजे दर ४२० मुलांमागे एक जीव.

आकडा डोळे पांढरे करणारा आहे ना? मलाही वाटला. पण जरा थांबू. १९६१ मध्ये जपानमध्ये सगळ्यांना आरोग्य विमा मिळाला. त्याच दशकात लोकांचं खाणंपिणं सुधारलं, घरं उबदार झाली, हातात पैसा आला. हिवाळ्यातले मृत्यू यामुळेही कमी होणारच. रिलीजमध्ये दहा बदल एकदम गेले आणि अ‍ॅप फास्ट झालं, तर श्रेय कुठल्या बदलाचं? २०११ मध्ये दुसऱ्या एका गटानं हाच हिशोब जास्त काटेकोरपणे केला. अमेरिकेतल्या ज्येष्ठांचे आकडे तुलनेला धरले, बाकीच्या गोष्टींचा परिणाम वेगळा काढायचा प्रयत्न केला. त्यांचं उत्तर: जपानी ज्येष्ठांचे फ्लूशी संबंधित मृत्यू सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झाले होते, म्हणजे वर्षाला साधारण १,००० जीव. आणि खरा आकडा ४०० ते १,८०० च्या मध्ये कुठेही असू शकतो.

३७,००० कुठे आणि १,००० कुठे! इंटरनेटवर पहिला आकडा फिरतो, कारण तो मोठा आहे. मला दुसरा जास्त विश्वासाचा वाटतो. पण दोन्ही हिशोबांची दिशा एकच आहे, आणि तीच महत्त्वाची. भिंत खरंच लाटा अडवत होती. आणि वर्षाला हजार हा काही लहान आकडा नाही. शंभर खोल्यांचे दहा वृद्धाश्रम एका हिवाळ्यात रिकामे झाले तर आपण काय म्हणू?

आता म्हणाल, मग म्हाताऱ्यांना थेट लस मिळायला लागली, प्रश्न मिटला. तसं नाही ना! वय झालं की शरीराची संरक्षण यंत्रणाही मंदावते. त्याच लसीला पंचविशीतलं शरीर जेवढा प्रतिसाद देतं तेवढा पंच्याऐंशीतलं देत नाही. गंभीर आजार आणि मृत्यू टळायला लसीची मदत होते, पण चिलखत पूर्ण नसतं. म्हणून जपानी आश्रमात लस ही एकटी नसते. आश्रमात काम करणाऱ्यांना लस घ्यायला सांगतात. बाहेरून आलेल्यानं हात धुवायचे, गुळण्या करायच्या. घरात साथ असेल तर भेटायला यायचं नाही. करोनात हे आपण सगळेच शिकलो, पण तिथल्या आश्रमांत ही शिस्त कितीतरी आधीपासून होती.

आणि या सगळ्यात मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे टूथब्रश. हो, टूथब्रश!

म्हाताऱ्या माणसांना होणारा न्यूमोनिया बऱ्याचदा बाहेरून येत नाही, तोंडातून खाली उतरतो. गिळण्याचे स्नायू कमजोर झालेले असतात. झोपेत लाळ थोडी थोडी श्वासनलिकेत झिरपते, आणि लाळेबरोबर तोंडातले जंतू. योनेयामा ताकेयोशी नावाच्या दातांच्या डॉक्टरांनी आणि सहकाऱ्यांनी यावर एक साधा प्रयोग केला. ११ आश्रमांतले रहिवासी घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाचे दात प्रत्येक जेवणानंतर मदतनीस किंवा नर्स घासून देणार, आठवड्यातून एकदा दंतवैद्य साफसफाई करणार. दुसऱ्या गटाचं आधी चालायचं तसंच चालू. दोन वर्षांनी ३६६ जणांचा हिशोब लागला. नेहमीच्या गटात १९ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, दात घासलेल्या गटात ११ टक्के. १९९९ मध्ये हा निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. एक ब्रश आणि तो हातात धरणारं माणूस.

ते माणूस मात्र लागतं. एका मदतनिसाकडे संध्याकाळी किती तोंडं असतात याचा विचार करा. कवळी काढायची, धुवायची, हिरड्या पुसायच्या, आणि समोरची आजी तोंड उघडायला तयार नाही. जपाननं एप्रिल २००० मध्ये सेवाशुश्रूषेचा विमा सुरू केला, त्यात चाळिशीच्या पुढचा प्रत्येक जण हप्ता भरतो. पण पैसे जमले म्हणून हात आपोआप येत नाहीत. आज तिकडे आश्रमांना माणसं मिळत नाहीत, म्हणून परदेशातून तरुण मुलं-मुली बोलावतात.

दातांवरून आणखी एक. १९८९ मध्ये जपाननं '८०२०' नावाची मोहीम काढली: ऐंशीव्या वर्षी स्वतःचे वीस दात. तेव्हा लोक हसले असतील, कारण ऐंशीतल्या माणसाच्या तोंडात सरासरी चार-पाच दात उरायचे. २०१६ च्या पाहणीत ऐंशीतल्या ५१ टक्के लोकांचे वीस किंवा जास्त दात शाबूत होते. कमाल आहे.

आणि व्यायाम? त्याचीही गंमत. जपानी रेडिओवर सकाळी साडेसहाला व्यायामाचं संगीत लागतं. ते सुरू झालं १ नोव्हेंबर १९२८ ला, आणि सुरू केलं पोस्टाच्या विमा खात्यानं, अमेरिकेतल्या एका विमा कंपनीची कल्पना उचलून. लोक जितके जास्त जगतील तितके हप्ते जास्त, असा सरळ हिशोब. १९९९ हे ज्येष्ठांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, तेव्हा खुर्चीत बसूनही करता येईल असा नवा प्रकार बसवला. आश्रमांत सकाळी तोच चालतो.

आता थोडं आपल्याकडे. जपानचं ऑक्टोबरचं वेळापत्रक महाराष्ट्रात जसंच्या तसं लावू नका. आपल्याकडे फ्लू जोर धरतो तो पावसाळ्यात, त्यामुळे लसीची वेळही त्याआधीची धरावी लागते. आपल्या सरकारी लसीकरणाच्या यादीत ज्येष्ठांची फ्लूची लस नाही. ती घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, स्वतःच्या खर्चानं. तुमचे आजी-आजोबा घरी असोत की आश्रमात, दर पावसाळ्याआधी एकदा हा विषय काढायला हरकत नाही. आणि त्यांच्या कवळीचाही.

भिंतीचं पुढे काय झालं? इंग्लंडनं ती कल्पना उचलली. २०१३ पासून तिथे मुलांना नाकात फवारायची फ्लूची लस द्यायला सुरुवात झाली, आणि मुलांबरोबर घरातल्या ज्येष्ठांचंही रक्षण व्हावं हा उद्देश उघडपणे सांगितला गेला. जपानमध्ये तशी नाकातली लस २०२४ च्या हंगामात बाजारात आली, पण ती ज्याची त्यानं घ्यायची. शाळेच्या हॉलमधली रांग काही परत आली नाही.

आश्रमात मात्र दर शरदात एक कागद फिरतो. २००१ च्या त्या कायद्याप्रमाणे ज्येष्ठाला लस द्यायची तर त्याची स्वतःची इच्छा लागते. स्मृतिभ्रंश झालेली आजी असेल तर घरचे किंवा नेहमीचे डॉक्टर तिची इच्छा समजून घ्यायला मदत करतात, पण तिच्या वतीनं परस्पर ठरवू शकत नाहीत. तिला लस हवीय की नको हे कळलंच नाही, तर या योजनेतून ती देता येत नाही. म्हणून ऑक्टोबरमध्ये नर्स पलंगाशेजारी बसते, आजींच्या कानाशी वाकते, आणि हळू, मोठ्या आवाजात विचारते. उत्तर आलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते.

चला, आजच्यापुरतं इतकंच. पुढच्या भागात भेटू.